कोंबांचा महिना

ओसाकाहून क्योतोला जायचं तर हानक्यूची मरून रंगाची गाडी बरी, असं माझ्या भाचीचं ठाम मत. उमेदाहून पाऊण तास. घरांच्या गर्दीतून गाडी बाहेर आली तशी पश्चिमेच्या उतारांवर बांबूची बनं दिसायला लागली. नागाओका-तेनजिन स्टेशन आलं आणि ती म्हणाली, "मावशी, आज आपण जे खाणार ना, ते इथल्या मातीतलं."

एप्रिल संपत आला होता. साकुराचा बहर झडून गेलेला, तेव्हा मी उशिरा आले अशी हळहळ तिच्या सगळ्या मैत्रिणींनी करून झाली होती. हळहळ करत नव्हती ती एकटी भाचीच, कारण हा महिना ताकेनोकोचा. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. ती मागच्या वर्षी या बनांत जाऊन आलेली. हिवाळ्यात शेतकरी बनात पेंढा अंथरतात, त्यावर मातीचा थर देतात. जमीन गादीसारखी मऊ राहते. मग वसंतात मातीला कुठे बारीकशी चीर गेलीय ते बघत हिंडायचं. चीर दिसली की खाली कोंब आहे. तो वर यायच्या आत लांबलचक लोखंडी हत्यार खुपसून, मुळापाशी तोडून उचलायचा. उजेड लागला की तो राठ होतो, उग्र होतो. न लागला तर पांढराशुभ्र.

कावारामाचीला उतरून कामो नदीचा पूल ओलांडला. आम्ही जेवणार होतो ते गल्लीतलं लाकडी घर समोरून जेमतेम दोन खणांचं. अशा जुन्या घरांना क्योतोत वाम माशाचं अंथरूण म्हणतात, कारण रुंदी नाही आणि आत मात्र लांबच लांब. दारातला दगड ओला होता. मला वाटलं, नुकतंच धुतलंय. भाची म्हणाली, पाहुणे यायच्या वेळी मुद्दाम पाणी शिंपडतात, तुमच्यासाठी तयार आहोत हे सांगायला. म्हणजे सडाच की! शेणाचा नाही इतकंच. वसईला आजी पहाटे अंगणात तेच करायची. परक्या देशात दाराशीच ओळखीचं काही भेटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पडदा बाजूला सारून मालकीणबाई बाहेर आल्या, वाकल्या, आम्हीही जमेल तसं वाकलो. आत लाकडी फळीपुढे आठ खुर्च्या, पलीकडे स्वयंपाकी आणि त्याचा हाताखालचा मुलगा. मेन्यूकार्ड नाही. काय हवं, हे कोणी विचारतही नाही. विचारलं ते फक्त, काय चालत नाही. (दुपारचं जेवण निवडलं होतं. रात्रीचा भाव ऐकल्यावर त्यात ठाण्यात महिन्याचा किराणा आला असता, असा हिशोब माझ्या मनात झालाच.)

या जेवणाला काइसेकी म्हणतात. उच्चार एक, लिहायच्या तऱ्हा दोन. एक चहाच्या विधीआधीचं साधं जेवण, ज्याचं नाव सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या चहागुरूशी जोडलेलं आहे. दुसरं चार माणसं जमवून, साकेबरोबर चालणारं. पहिल्यात भात सुरुवातीलाच येतो, दुसऱ्यात सगळ्यात शेवटी. आमचं दुसरं. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मी तिसऱ्या पदार्थापासून भाताची वाट बघत होते.

आधी बोटभर लांबीची काजवा-माकूळ, मिसोच्या आंबट चटणीत. मग हास्सुन, म्हणजे आठ सुन, साधारण चोवीस सेंटिमीटरचं चौकोनी ताट. त्यात डोंगरातलं थोडं, समुद्रातलं थोडं, घासाघासाएवढं. फारच देखणं. खरं सांगू, मला त्यात खाण्यापेक्षा बघणंच जास्त वाटलं.

मग झाकण घातलेला काळा लाखेचा वाडगा आला आणि माझी फजिती झाली. झाकण निघेना. आतल्या वाफेने ते घट्ट बसलेलं. मी ओढतेय, वाडगाही बरोबर उचलला जातोय. "अगं मावशी, ओढू नकोस!" भाची कुजबुजली. मालकीणबाई माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि डाव्या हाताने हवेतच वाडग्याचे काठ दाबून दाखवले. मी दाबले. बारीकसा फुस्स आवाज झाला, झाकण सुटलं. उलटं केलं तर आतल्या बाजूला सोनेरी नेच्याची वळलेली पानं रंगवलेली, आणि त्यांच्यावर वाफेचे थेंब. हे चित्र जेवणाऱ्याशिवाय कोणाला दिसत नाही.

आत स्वच्छ पाण्यासारखं सार. कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या माशाचा कीस, एवढ्यावर बेतलेलं. त्यात कोंबाची दोन कापं, कोवळं वाकामे शेवाळ आणि वर किनोमेचं एक सुवासिक पान. स्वयंपाक्याने ते पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकच टाळी दिली होती, वास मोकळा व्हावा म्हणून. पहिल्या घोटाला मला वाटलं, मीठच नाही. तिसऱ्या घोटाला कळलं, सगळं आहे, फक्त कोणी ओरडत नाहीये. कोंब दाताखाली कोवळ्या नारळासारखा करकरला, आणि मागे हलकीशी कडवट चव ठेवून गेला.

डोंगरातला कोंब आणि समुद्रातलं वाकामे एकाच वेळी हंगामात येतात, म्हणून एका वाडग्यात भेटतात. अशा जोड्यांना देआइमोनो म्हणतात, भेटीचे पदार्थ. स्वयंपाकी हे सांगत होता आणि भाची मराठीत आणत होती. घशाला खवखवतो का, असं मी विचारलं, तर तो हसला. कच्चा कोंब खवखवतोच. म्हणून तो तांदळाच्या कोंड्यात, वाळलेली लाल मिरची टाकून उकडायचा आणि त्याच पाण्यात निवू द्यायचा. मी भाचीला म्हटलं, "त्याला सांग, आमच्याकडे अशीच खवखवणारी शेवळं असतात." तिने प्रयत्न केला. शेवळाला जपानी शब्द कुठून आणणार?

साशिमी ताइ माशाची होती. भाचीने दोनदा "ताई घे, ताई घे" म्हटलं आणि मला हसू आवरेना. कच्चा मासा मात्र मला नाही जमला. दोन तुकडे खाल्ले, बाकीचे तिला दिले. भाजलेला कोंब आला, रानभाज्यांचा तेंपुरा आला. तेंपुरा बरा.

शेवटी मातीच्या हंडीतला भात, कोंबाचे तुकडे घालून शिजवलेला, लाल मिसोचं सार आणि लोणचं. तळाची खरपुडी मालकीणबाईंनी न मागता माझ्या वाटीत वाढली. मी किती वेळ भाताकडे डोळे लावून बसले होते, ते त्यांना दिसलं असणार.

निघताना त्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या आणि आम्ही वळेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. जपानीत हंगामाच्या सुरुवातीच्या मालाला हाशिरी म्हणतात, ऐन भराला शुन आणि सरत्या दिवसांतल्याला नागोरी. पहिल्याला आपल्याकडे नव्हाळी हा सुंदर शब्द आहे. तिसऱ्यासाठी मी गाडीत बसून शब्द शोधत राहिले. आई शेवळांच्या शेवटच्या जुडीच्या वेळी "आता पुढच्या वर्षी" म्हणायची, तेवढंच आठवलं.

शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतात, वसई-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. शेजारच्या टोपलीत काकडं असतात, तीही त्याच दिवसांतली. ती घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर घसा धरेल.