टाकी धुतल्यावरचं पाणी

नेरूळ-वाशीकडच्या सोसायट्यांत वर्षातून एकदोनदा लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागते: उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे. सूचना वाचून बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी नळ सोडून पहिला घोट घ्यावा, तर ब्लीचिंगचा उग्र दर्प थेट नाकात चढतो. चहात तो लपत नाही. वरणात तर नाहीच नाही.

हे पाणी मुळात कुठलं, हे ठाऊक असलं की ती चव जास्तच खुपते. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने ते २००२ साली स्वतःकडे घेतलं. स्वतःचं धरण असलेल्या पालिका महाराष्ट्रात मोजक्याच. धरणातलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि तिथून जलवाहिन्यांतून शहरात येतं. इतक्या लांबून नीट आलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत शिरून बिघडावं, याचं वाईट वाटतं.

क्लोरीनशी माझं वैर नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असंच सांगतं. पाण्याची राखण तोच करतो. त्रास होतो तो साचून राहिलेल्या जादा क्लोरीनचा. टाकीचा आउटलेट तळापासून चार बोटं वर असतो, म्हणून तळाचं पाणी आपोआप कधीच जात नाही. ते फडक्याने टिपून काढावं लागतं. टाकीखालच्या पाइपांतही तेच पाणी उभं असतं. आणि सगळ्यांत चिवट साठा गिझरचा! त्यात थंड पाणी खालून शिरतं, गरम वरून निघतं, त्यामुळे गार नळ तासभर सोडला तरी गिझरमधलं पाणी जागचं हलत नाही. उन्हाळ्यात गिझर बंद असेल तर महिनोन्‌महिने तसंच. जाणता प्लंबर आधी गरम पाण्याचा नळ उघडतो. मग स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी फिरवून काढतो आणि तळहातावर आपटतो: बारीक वाळू, पांढरे कण, गंजाची एखादी खपली.

थंड मुलखात कॅम्पर गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं. हिवाळ्यात नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून ते त्यांत गुलाबी रंगाचं, प्रॉपिलीन ग्लायकोलचं द्रावण भरून ठेवतात, आणि ऋतू पालटला की त्याची गोडसर चव जाता जात नाही. मग टाकी पुन्हा पुन्हा भरायची, गार-गरम सगळे नळ वाहू द्यायचे, खाण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर नळ्यांत ठेवून सकाळी धुऊन काढायचं. आपल्याकडेही हाच मार्ग आहे. मात्र कुणी व्हिनेगर सुचवलं, तर ते ब्लीचिंगच्या आसपासही आणू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

माठात वाळा टाकून ही चव झाकता येते, पण मला ते पटत नाही. पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात, वर नुसतं पातळ फडकं घालून ठेवलं, तर क्लोरीन बराचसा उडून जातो. त्याहून महत्त्वाचं काम कमिटीचं. टाकी धुणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी सगळ्या मजल्यांवरचे नळ, गरमसुद्धा, वाहून झालेत का ते तिने पाहावं. त्या पाण्याने पार्किंग धुवावं, संडासाच्या बादल्या भराव्यात. मोरब्याचं पाणी सरळ गटारात सोडू नये.