अंतरीची डागडुजी

भिलाईजवळच्या मरोदा वस्तीत राहणाऱ्या माणसाला ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द नवा नसतो. पोलाद कारखान्यातील झोतभट्टी रात्रंदिवस धगधगत असते. तिच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर मात्र हळूहळू झिजत जाते. म्हणून काही वर्षांनी भट्टी जाणूनबुजून थंड करावी लागते आणि अस्तर नव्याने बसवावे लागते. या कामाची तयारी भट्टी थांबण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. काय झिजले आहे आणि काय बदलायचे आहे, याची यादी हाती नसेल तर थांबलेले दिवस वाया जातात.

ख्रिस्ती बांधवांच्या उपवासकाळाविषयी विचार करताना मला या तयारीची आठवण होते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. चातुर्मासाचा नेम धरणाऱ्या घरात मी वाढले. परंतु १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. अशा वस्तीत शेजाऱ्यांचे सणवार परके राहत नाहीत.

इंग्रजीत ज्याला लेंट म्हणतात, तो हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो व ईस्टरच्या सणापर्यंत चालतो. मधले रविवार वगळले तर त्याचे चाळीस दिवस भरतात. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे ते स्मरण होय. गतवर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेली पाने जाळून त्यांची राख भाविकांच्या कपाळी लावतात. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे मानली जातात.

आमच्या शेजारी वसईकडील एक कॅथलिक कुटुंब राहत असे. घरातील काका कारखान्यात फिटर होते. वडिलांच्या पश्चात वाडीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी त्यांचे बिनसले होते. अकरा वर्षे दोघांत साधे पत्रही गेले-आले नव्हते. उपवासकाळात काका दरवर्षी मांसाहार आणि चहा सोडत व चहाचे वाचलेले पैसे गरजूंसाठी डब्यात टाकीत. एका वर्षी, राखेचा बुधवार आठ दिवसांवर आला असताना, ते मला म्हणाले, “बाई, दरवर्षी मी पोट उपाशी ठेवतो, पण राग मात्र पोटभर जेवतो. यंदा आधी त्याचे काय करायचे ते ठरवायला हवे.”

त्या आठवड्यात त्यांनी एका वहीत वाटणीचा हिशेब मांडला. आपल्याला किती कमी मिळाले, हे त्यांनी पै-पैसा धरून लिहिले. त्याखाली त्यांनी आणखी एक नोंद केली: आईच्या अखेरच्या दुखण्यात भावाने एकट्याने तिची सेवा केली होती. अकरा वर्षांत ही जमेची बाजू त्यांनी कधी मांडलीच नव्हती. आपला हक्क त्यांनी सोडला नाही. अन्याय झालाच नाही, असेही मनाला समजावले नाही. परंतु राखेच्या बुधवारी त्यांनी भावाला पत्र धाडले. त्यात वाटणीचा उल्लेख नव्हता. आईसाठी भावाने जे केले त्याबद्दलची कृतज्ञता तेवढी होती.

ईस्टर आला तरी उत्तर आले नाही. मी हलकेच विचारले, तेव्हा काका म्हणाले, “येईल तेव्हा येईल. पण आता त्याचे नाव निघाले की माझा हात थरथरत नाही.”

दुखावलेल्या मनाला बरे होण्यासाठी अवधी लागतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातही हेच दिसते. आमच्याकडून नागपूरला जाताना लोहमार्गावर राजनांदगाव लागते. १८९३ साली नागपूरहून तेथे जात असताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका प्रवाशाने बायबल दिले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे जवळ आल्या, तरी आपले सोवळे सांभाळीत राहिल्या. अखेर १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कोणी कोणता धर्म स्वीकारला, हा येथे मुद्दा नाही. तुटलेले घर पुन्हा सांधले जाण्यास पाच वर्षे लागली आणि तेवढा वेळ दोघांनीही एकमेकांना दिला, हे महत्त्वाचे होय.

आपल्यापैकी कोणी श्रावण पाळत असेल, कोणी रमजान, कोणी पर्युषण वा वर्षावास. काय खायचे आणि काय वर्ज्य करायचे, हे घरातील वडीलधारी माणसे आपल्याला सांगतातच. मात्र आपले मन कोठे दुखते आहे, हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. म्हणून व्रताच्या आदल्या आठवड्यात घटकाभर एकट्याने बसावे. कोणाचे नाव ऐकताच आपला चेहरा बदलतो, हे स्वतःला विचारावे. त्याने आपले काय बिघडवले ते अवश्य लिहावे आणि त्याच कागदावर त्याने आपल्यासाठी काय केले, तेही लिहावे. हा कागद कोणाला दाखवण्याची गरज नाही. व्रताच्या पहिल्या दिवशी तो आपल्यापाशी असला, म्हणजे पुरे.