पाटावर बसून

जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या लेओनबर्गहून फाइहिंगेनला ऑफिसला जायचा माझा रस्ता ग्लेम्सएकवरून जातो. दिसायला साधा जंगलातला रस्ता. बीचची झाडं, सायकलवाले, वेगमर्यादेच्या पाट्या. पण 1965 पर्यंत इथे शर्यती व्हायच्या. सोलिट्यूड नावाचा 11.4 किलोमीटरचा फेरा होता तो, टेकडीवर चढणारा आणि माडेंटालच्या दरीत वळणांमागून वळणं घेणारा. दोन्ही कडांना लाखो माणसं उभी असायची. 1962 च्या जुलैमध्ये डॅन गर्नी नावाचा अमेरिकन इथे पोर्शेच्या फॉर्म्युला वन गाडीतून जिंकला. आठवडाभरच आधी त्याने फ्रान्समध्ये रुआँला पोर्शेला जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकून दिली होती. स्वतः बांधलेल्या गाडीने कंपनीने जिंकलेली ती एवढी एकच. म्हणजे इथे जमलेल्या श्टुटगार्टकरांना गावच्या पोराची वरात निघाल्यासारखं झालं असणार. आज त्याच वळणांवर मी सकाळी पावणेआठला कचऱ्याच्या ट्रकमागे, दुसऱ्या गिअरमध्ये, पोर्शेतच बसलेली असते.

सांगलीहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती पळवलीस? कागदावर माझी गाडी ताशी 280 जाते. 1999 ची 911 कारेरा, सहा सिलिंडर, 3.4 लिटर, 300 अश्वशक्ती. हे आकडे भाच्याला पाठ आहेत, मला फारसे लागत नाहीत. लेओनबर्गपाशी ए-8 आणि ए-81 हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात आणि सकाळी तिथे भेटतात त्या बहुतेक उभ्या गाड्याच. शेजारच्या एंगेलबर्ग बोगद्याची दुरुस्ती कित्येक वर्षं चालली, कारण त्या डोंगरातला खडक पाणी लागलं की फुगतो आणि बोगद्याला आवळतो. तिथे मी 300 अश्वशक्ती घेऊन ताशी शून्याने उभी राहिलेय. म्हणून तर जंगलातला रस्ता धरला.

गाडी मला परवडली ती लोकांनी तिला नावं ठेवली म्हणून. 911 पहिल्यांदा 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली. तेव्हापासून तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि ते थंड व्हायचं हवेवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बुडायच्या बेताला आली. मग जपानी सल्लागारांना बोलावून कारखान्याची घडी नव्याने बसवली गेली, आणि 1997 साली जी नवी 911 आली तिच्या इंजिनात पाणी खेळत होतं. वर तिचं नाकाड स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखंच. पुढच्या दिव्यांना लोकांनी तव्यावरचं अंडं म्हणून हिणवलं. जुन्या भक्तांच्या लेखी ती बाटलेलीच. त्यामुळे जुन्या हवावाल्या गाड्यांच्या किमती आभाळाला भिडल्या आणि ही नावडती लेक एखाद्या बऱ्या फॅमिली गाडीच्या भावात मिळत राहिली. हाफ फ्राय मला पहिल्यापासून आवडतं.

नावडतीचा एक फायदा असतो. तिच्यावर ओरखडा उठला तर कोणी सुतक पाळत नाही. आमच्या लहानपणी नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक लोक वर्षानुवर्षं काढत नसत. उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या, पण सीट कोरी राहायची. ती सीट कशी लागते हे त्या घरात शेवटपर्यंत कोणालाच कळत नसे. मला ही गाडी कशी लागते ते कळून घ्यायचं होतं. आणि ते रविवारी सकाळी तासभर फिरवून कळत नाही. त्यासाठी तिला डेंटिस्टकडे न्यावं लागतं, पावसात उभं करावं लागतं, घाईत आणि चिडलेल्या अवस्थेत चालवावं लागतं.

सकाळी किल्ली फिरवायची ती डाव्या हाताने. ल मांच्या शर्यतीत चालक पळत येऊन गाडीत बसत, तेव्हा एका हाताने किल्ली आणि दुसऱ्याने गिअर असं जमावं म्हणून ती डावीकडे, असं सांगतात. मला उजव्या हातातला चहाचा थर्मास खाली ठेवावा लागत नाही, इतपत त्याचा उपयोग. इंजिन सुरू झालं की आधी जरा खडखडतं. मग स्थिरावतं, पण गप्प होत नाही. समोर पाच गोल तबकड्या एकमेकींत अडकलेल्या, मधोमध सगळ्यात मोठी ती वेगाची नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांची. या इंजिनात आठ लिटरच्या वर ऑइल असतं आणि ते तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतं. तोवर मी काटा चार हजारांच्या वर नेत नाही. ऑफिस येईपर्यंत ऑइल जेमतेम तापलेलं असतं. म्हणजे रोज सकाळी मी तिचा अर्धा आवाकासुद्धा वापरत नाही.

तरी माडेंटालमध्ये पन्नासच्या वेगातही काहीतरी चाललेलं असतं. स्टिअरिंग हातात कधी जड, कधी हलकं होतं. रस्त्यात कुठे डांबर ठिगळाचं आहे, कुठे ओली पानं पडलीत, हे डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळतं. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट, पाऊल जेवढं दाबेल तेवढीच गाडी थांबणार, कमी नाही, जास्त नाही. ऑफिसची गाडी मिळते तीही चांगली असते, शांत, उंच, सोफ्यासारखी. पण तिच्यातून उतरल्यावर आपण कुठल्या रस्त्याने आलो हे आठवत नाही. माझ्या गाडीची घडण ज्या वेगासाठी झाली तो वेग रोजच्या जगण्यात नसतोच. तो बाजूला पडला की उरते ती नुसती घडण, आणि ती पन्नासच्या वेगातही तेवढीच चोख असते. शिवाय गाडी लहान आहे. रुंदी 1765 मिलिमीटर, आजच्या गोल्फपेक्षाही कमी. श्टुटगार्टच्या जुन्या पार्किंग इमारतींत आडदांड एसयूव्ही आरसे मिटून श्वास रोखून वळतात, तिथे मी सहज आत जाते. अडतं ते उतारावर. तळघराच्या चढाला सरळ गेलं तर हनुवटी घासते, म्हणून तिरकं जायचं.

डिकी पुढे, 130 लिटरची. सुपरमार्केटबाहेर ट्रॉली घेऊन गाडीच्या नाकाशी उभं राहिलं की एखादं पोर आईचा हात ओढून दाखवतंच. ज्वारीचं पीठ, कांदे, जाड पोहे आणि तांदळाचं दहा किलोचं पोतं त्या खड्ड्यात नीट बसतं. त्या पोत्यामागे थोडा इतिहासही आहे. सगळं वजन मागे असल्यामुळे सुरुवातीच्या 911 चं नाक फार हलकं पडायचं. म्हणून कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत जवळजवळ अकरा-अकरा किलोचे बिडाचे ठोकळे लपवले होते. नंतर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 57 मिलिमीटरनी वाढवलं, तेव्हा कुठे त्यांची गरज संपली. इंद्रायणी तांदळाने वळणावर फरक पडतो असं मला वाटतं. नवऱ्याच्या मते तो माझा भ्रम.

2024 च्या उन्हाळ्यात आई आली. विमानतळावर तिने गाडीकडे पाहिलं, गुडघ्याला हात लावला आणि म्हणाली, "अगं, ही गाडी आहे का पाट मांडलायस?" आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, हे तिला शिकवलं. टेकल्यावर म्हणाली, "आता ताट पण वाढ." मग तिला ते आवडायला लागलं. पाटावरून जग वेगळं दिसतं. शेजारच्या ट्रकचं चाक आपल्या डोक्याएवढं असतं. उतरताना मात्र मी पलीकडून येऊन हात देईपर्यंत ती दार उघडत नसे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारातून येताना तिने स्टिअरिंगवरचं चिन्ह निरखलं आणि विचारलं, "ही तीच का गं?"

मला कळलं. मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने मोटारसायकलला धडक दिली होती आणि दोन तरुण इंजिनिअर गेले होते. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप. त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. त्या गाडीला कायमचा नंबरही मिळालेला नव्हता. "कंपनी तीच, गाडी वेगळी," मी म्हटलं. उत्तर खरं होतं आणि अगदीच अपुरं होतं. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हळू चालव." काटा पन्नासवर होता.

वेगवान गाडी ठेवणाऱ्याने हा प्रश्न ऐकून घ्यायला हवा, हे मला मान्य आहे. तेव्हापासून आमच्याकडच्या फोनवर मी नुसतं "गाडी" म्हणते. आणखीही एक टोचणी आहे. ही बया शंभर किलोमीटरला बारा लिटर पेट्रोल पिते, तेही महागातलं, आणि लेओनबर्गहून एस-6 लोकल नियमित सुटते. ती त्सुफेनहाउजेनच्या अलीकडे खुद्द पोर्शेच्या दारात थांबते, गाड्या बनवणारे कित्येक जण तीतूनच कामावर जातात. शहरात काम असलं की मीही तीच घेते. गाडी नसती तर काय बिघडलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

वेगाचं म्हणाल तर तोही अनुभवलाय, नाही असं नाही. ए-81 दक्षिणेकडे रोटवाइलच्या दिशेने मोकळा होतो, तिथे काही टप्प्यांना मर्यादेची पाटी नसते. 130 हा सल्ला असतो, सक्ती नाही. रविवारी पहाटे, कोरडा रस्ता आणि पूर्ण तापलेलं ऑइल असं जुळून आलं की मागचं इंजिन पाच हजारांच्या वर गळा मोकळा करतं. दोनशेच्या पुढे रस्ता अरुंद होतो, डोळे लांब कुठेतरी खिळतात, घसा कोरडा पडतो. दहा मिनिटांत पुरे होतं. मग पेट्रोल पंपावर कॉफी.

शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातली हवावाली 911 आहे, आणि तिच्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला बारीक आकड्यांत 04 आणि 10. जर्मनीत 1997 पासून अशी हंगामी नंबरप्लेट मिळते. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, बाकीचे महिने कर नाही, विमा कमी, आणि सार्वजनिक रस्त्यावर ती नुसती उभी करायचीही नाही. नोव्हेंबर लागला की ते टायरमध्ये जास्तीची हवा भरतात, बॅटरी चार्जरला लावतात आणि गाडीवर मऊ कापडाचं आवरण घालतात. मग जानेवारीत मी हिवाळी टायरवर, मिठाने पांढऱ्या पडलेल्या गाडीतून आले की ते कुंपणापलीकडून कळवळून म्हणतात, "मीठ! अहो, मीठ!" मी सांगते की सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. हेही सांगते की 1968, 1969 आणि 1970, तिन्ही वर्षं मोंटे कार्लोची रॅली, म्हणजे ऐन जानेवारीत आल्प्सच्या घाटांतून, 911 नेच जिंकली. इंजिनाचं ओझं मागच्या चाकांवर असल्यामुळे बर्फातही ती चाकं जमीन सोडत नाहीत. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात, "मीठ."

गेल्या नोव्हेंबरात त्यांची रोजची गाडी वर्कशॉपमध्ये होती आणि गॅलरीतल्या गंजक्या लोखंडी खुर्च्या भंगार केंद्रावर टाकायच्या होत्या. मी विचारलं, माझ्या गाडीतून नेऊ या का? त्यांना ते पटायला वेळ लागला. मागच्या सीटच्या पाठी पाडल्या की फळीसारखी जागा होते. तिथे जुनी चादर अंथरून आम्ही दोन खुर्च्या मिटून आत सारल्या. पाऊस भुरभुरत होता. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, पुढच्या दिव्यांपाशी अंमळ थांबले, पण अंड्याबद्दल काही बोलले नाहीत. मी किल्ली पुढे केली. "मी?" असं म्हणून त्यांनी ती घेतलीसुद्धा.

आत बसल्यावर त्यांचा डावा हात आपोआप किल्लीच्या खाचेकडे गेला. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी कान देऊन ऐकलं, ऑइलच्या दाबाचा काटा पाहिला आणि इतक्या हलक्या पावलाने क्लच सोडला की गाडी निघाली ते मला कळलंच नाही. गल्लीच्या टोकाला पाणी साचलं होतं. त्यांनी ते चुकवलं. पुढचं डबकं मात्र चुकवलं नाही. खालून फस्सकन पाणी उडालं तशी त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं.

भंगार केंद्राबाहेर शनिवारची रांग लागली होती, पार कोपऱ्यापर्यंत. मी म्हटलं, "आता अर्धा तास तरी."

त्यांनी सीट तापवायचं बटण शोधून दाबलं. "असू दे, असू दे," ते म्हणाले, "रांग मोठी आहे तेच बरंय."