तुम्ही कुठले?



मागच्या शनिवारी शब्बाथ सुटल्यावर आम्ही दोघांनी एजवेअरच्या घरी ‘अप इन द एअर’ हा २००९ सालचा सिनेमा पुन्हा पाहिला. दिग्दर्शक जेसन राइटमन, मूळ कादंबरी वॉल्टर कर्न यांची, नायक जॉर्ज क्लूनी. सिनेमा हसवतो खरा, पण हसता हसता आवंढा येतो.

रायन बिंगहॅमचा धंदा मोठा विचित्र. विमानाने गावोगाव जायचं आणि परक्या कंपन्यांतल्या लोकांना ‘तुमची नोकरी गेली’ म्हणून सांगायचं. त्यातले बरेच जण नट नाहीत, खरोखरच नोकरी गेलेली माणसं आहेत. रायन वर्षाचे ३२२ दिवस बाहेर. ओमाहातलं घर नुसतं रिकामं. ध्यास एकच, विमानाचे एक कोटी मैल पुरे करायचे.

शेवटी ते पुरे होतात. कप्तान शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, तुम्ही कुठले? रायनला गाव सांगता येत नाही. इथलाच, म्हणतो. म्हणजे विमानातला!

हा प्रश्न आम्हाला या देशात बसमध्ये, वॉर्डात, सिनेगॉगमध्येसुद्धा विचारला गेला. पण बाळांनो, आपल्याला उत्तर सोपं आहे. रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे, नवगावकर नवगावचे. वाडवडिलांनी गाव आडनावातच बांधून दिलंय.

रात्रपाळीला असेच एक फिरतीवरचे गृहस्थ वॉर्डात आले होते. कोट उंची, पेटीला विमानाच्या चिठ्ठ्या. फॉर्मवर ‘जवळचं माणूस’ या रकान्यापाशी पेन धरून बराच वेळ बसले. शेवटी ऑफिसातल्या सेक्रेटरीचं नाव लिहिलं.

आमचा मुलगाही असाच सदा विमानात. आम्ही त्याच्यावर फार रागवायचो. पण आम्ही तरी काय केलं? मुंबईहून निघताना सासूबाईंनी एलियाहू हनाबीचा मलिदा केला, पोहे, नारळ, गूळ, फळं, सगळं साग्रसंगीत. म्हणाल्या, “पत्र तेवढं धाडत जा.” आम्ही पाळ्यांत गुंतलो, महिना महिना पत्र गेलं नाही. त्या गेल्याची तार आली तेव्हा दफनही होऊन गेलं होतं. ती तार अजून कपाटात आहे.

सिनेमात रायन बहिणीच्या घाबरलेल्या नवऱ्या मुलाला समजावतो की आयुष्यातल्या चांगल्या आठवणींत आपण एकटे नसतो. सांगतो दुसऱ्याला, लागू पडतं त्यालाच!

म्हणून मुलाला आम्ही आता बोल लावत नाही. एवढंच सांगितलं, “शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी फोन कर, कुठूनही.” आता तो करतो. कधी मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येतात, मग आम्हीच ओरडून ‘शब्बाथ शालोम’ म्हणतो.

मुलांनो, सिनेमा मोठे झाल्यावर बघा. तोवर आजी-आजोबांना जाऊन विचारा, आपण कुठले?