नॉर्वेची ‘राम्मे’

चि. भाचीस,


खटल्याच्या बातमीत ‘राम्मे’ म्हणजे चौकट कशी आली, तसबिरीच्या चौकटीचा तिथे काय संबंध, असं विचारलंस. तर ऐक.

हा शब्द नॉर्वेच्या मातीतला नव्हे. चौदाव्या शतकात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी तुझ्या बर्गेनमध्ये, ब्रुग्गेनच्या धक्क्यावर, पेढ्या थाटल्या. त्या काळात निम्न जर्मनमधले ढीगभर शब्द नॉर्वेजियनमध्ये रुजले. आधार, सांगाडा अशा अर्थाचा ‘रामे’ त्यांतलाच. आज तसबिरीची ती ‘बिल्देराम्मे’, सायकलची ‘सिक्केलराम्मे’. दाराच्या चौकटीला मात्र ‘कार्म’ म्हणतात आणि तो जुन्या नॉर्सपासून चालत आलेला.

लाकडाची ही चौकट पुढे सरकारी कागदात शिरली. संसद अर्थसंकल्पात आधी एकेका क्षेत्राची ‘राम्मे’ ठरवते. समित्यांनी वाटप करायचं ते तिच्या आत. बालवाड्यांना ‘राम्मेप्लान’, म्हणजे चौकट-आराखडा, असतो. 2017 मध्ये तो नव्याने लागू झाला. गुन्ह्याला कायद्याने घातलेली शिक्षेची मर्यादा म्हणजे ‘स्त्राफेराम्मे’.

आता तू विचारलेला खटला. 22 जुलै 2011 रोजी ओस्लोतला स्फोट आणि उतोया बेटावरचा गोळीबार यांत 77 माणसं गेली. 24 ऑगस्ट 2012 च्या निकालात आरोपीला ‘फोरवारिंग’ म्हणजे सुरक्षेसाठीची स्थानबद्धता मिळाली: ‘तिद्सराम्मे’ म्हणजे मुदतीची चौकट 21 वर्षं, किमान मुदत 10. एवढ्या जिवांची फक्त 21 वर्षं, असं जगभर अनेकांना वाटलं. पण ही चौकट सरकती आहे. मुदत संपताना माणूस समाजाला धोकादायक वाटला, तर न्यायालय ती एका वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवू शकतं, पुन्हा पुन्हा, अगदी मरेपर्यंत. 21 हा आकडा सुटकेची तारीख नव्हेच.

दोन फसवे शब्द तेवढे सांभाळ. ‘राम्मे’ क्रियापद म्हणून आलं तर अर्थ तडाखा देणं. वादळात सापडलेलं गाव ‘राम्मेत’ असतं. आणि ‘रामनॉर्स्क’ म्हणजे अस्सल नॉर्वेजियन. त्यातला ‘राम’ जुन्या नॉर्समधला, बळकट या अर्थाचा. चौकटीशी त्याचं नातं नाही.

तेव्हा निकालाची बातमी वाचताना आकड्याआधी ‘तिद्सराम्मे’ आहे का, ते बघ. साधी कैद असेल तर आकडा ही कमाल मुदत. स्थानबद्धता असेल तर तो फक्त पहिला टप्पा.

तुझा,
मामा