नर्सचा पगार कुठल्या रकान्यात?

संपादकांनी लेख मागतानाच बजावलं, "आकडेमोड नको." मी गिरगावात बसून धर्मादाय संस्थांची ऑडिट्स करतो. प्रयत्न करतो.

यंदा परळच्या एका कॉलेजात समाजकार्याच्या मुलांपुढे बोलायला गेलो. एका ट्रस्टने वर्गाच्या हाती तीन लाख रुपये ठेवले होते आणि अर्ज कोणत्या पाच संस्थांकडून मागवायचे, हे मुलांनी ठरवायचं होतं. अमेरिकेत नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात असा उपक्रम २००० पासून चालतो. आपल्याकडे नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण १९३६ मध्येच सुरू झालं, पण पैसे कुणाला द्यावेत याचा तास मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

देखण्या वेबसाइटवाल्या चार संस्था झटक्यात ठरल्या. पाचवी अडली. टाटा हॉस्पिटलात केमोसाठी आलेल्या गावाकडच्या पेशंटांना सांभाळणारी छोटी संस्था. एक मुलगी म्हणाली, "सर, यांचा आस्थापना खर्च निम्म्याहून जास्त आहे. नाव खोडू?"

"थांब. शेड्युल नाइन काढ आधी."

आपल्या १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली ताळेबंद आठव्या अनुसूचीत, उत्पन्न-खर्च नवव्या अनुसूचीत. नववीत आस्थापना खर्च वेगळा आणि ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा. या संस्थेच्या ऑडिटरने दोन्ही नर्स, स्वयंपाकीण, सोशल वर्कर, सगळ्यांचे पगार आस्थापनेत टाकले होते. तेच वैद्यकीय मदतीखाली लिहिले असते, तर आस्थापनेत भाडं, वीजबिल आणि हिशेबनीस एवढंच उरलं असतं. नर्स त्याच, काम तेच.

परदेशी निधीच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली; पण हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात धरायचे नाहीत, हे नियमातच लिहिलंय. सीएसआरची ५ टक्क्यांची मर्यादा तर कंपनीच्या स्वतःच्या कारभारावर आहे. ती संस्थांच्या माथी मारणारे अधिकारी रोज भेटतात. असो, संपादक रागावतील.

लोकांचंही तेच. लालबागला दानपेटीत नोट टाकताना कुणी हिशेब विचारत नाही. संस्थेला पाचशे दिले, की "यातले पगारात किती जातात हो?" मग पेशंटला रात्री दोन वाजता उलटी झाली, तर उठायचं कुणी? फुकट?

अर्ज नाकारला, तर संस्थेला निदान कळतं. यादीतूनच गळलेलीला पत्ताही लागत नाही. म्हणून पाच नावांची ही यादी मला अंतिम निकालाहून मोठी वाटते. अर्थात रकाना बदलून जशी संस्था स्वच्छ दिसते, तसा फालतू खर्चही झाकता येतो. हे कसब आमच्याच धंद्यातलं, त्यामुळे उलट बाजूची टक्केवारीही मी डोळे मिटून मानत नाही.

मुलांनी त्या संस्थेकडून पगारांचा तपशील मागवला, पाचवं निमंत्रण तिला गेलं. अनुदान मात्र वेबसाइटवाल्यांपैकीच एकीला मिळालं.

या दिवाळीत देणगी देणार असाल, तर टक्केवारी विचारू नका. पगार कुणाला आणि कोणत्या कामाचा, ते विचारा.