अंजनगावचे शेंडेनक्षत्र

अंजनगाव सुर्जी हे नाव वाचकांनी शाळेत एकदा घोकलेले असते: ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचा तह. परीक्षा संपली की गाव विसरले जाते. आम्हां वऱ्हाडकरांना ते पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे ठाऊक. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र मला अप्रूप वाटले ते तिथल्या मावळतीचे. सातपुडा बसला आहे उत्तरेला. अकोट रस्त्याने गावाबाहेर पडले की पश्चिमेला कपाशी आणि तूर, पुढे नुसते आभाळ.

त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू त्या आभाळात यायचा होता. (जुन्या मराठीत याला शेंडेनक्षत्र म्हणत. इतका चांगला शब्द आपण का टाकला, कोण जाणे!) चीनमधील आणि दक्षिण आफ्रिकेतील दुर्बिणींनी तो २०२३ साली हेरला होता. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरांवर आला, नेमका दसरा! सोने लुटून झाल्यावर वडिलांना घेऊन मी त्याच रस्त्याने सीमोल्लंघनाला निघालो.

बाबा शहात्तर वर्षांचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा वाढत चाललेला. १९६५ साली, दिवाळी सरल्यावर, त्यांनी पहाटे खळ्यावरून इकेया-सेकीची शेपटी पाहिली होती. "आभायात खराटा उभा केल्यावानी!" तेव्हापासून प्रत्येक धूमकेतूला त्याच खराट्याचे माप. १९८६ चा हॅले त्यांनी नापास केला, १९९७ चा हेल-बॉप जेमतेम उत्तीर्ण. "आता एक पाहून घेतो," एवढेच ते म्हणाले, आणि मला ते बरे वाटले नाही.

दसऱ्याला शुक्राखेरीज काही दिसले नाही. धूमकेतू अजून संधिप्रकाशात बुडालेला होता.

"काय पाह्यता, गुरुजी?" बंडी थांबवून एकाने विचारले. मी सांगितले. "थो निंगाला का राजाले वाईट असते म्हन्तेत."

"राजे आता राह्यले कुठी?" बाबा म्हणाले.

चौदाला पुन्हा गेलो. पाठीशी मोठा होत चाललेला चंद्र, समोर सोयाबीनच्या मळणीची धूळ. पावणेसातला डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि दोघांच्या मधे एक पुसट रेघ. मला दिसली; बाबांना दिसेना. अंधुक वस्तू थेट पाहू नये, नजर जरा बाजूला ठेवावी. डोळ्याच्या पडद्याची कड मंद प्रकाश अधिक टिपते. तसे त्यांना सांगितले. शेपटी कुठल्या दिशेला आहे ते मुद्दाम सांगितले नाही.

बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांचे बोट क्षितिजापासून हवेत वर सरकले, बुडालेल्या सूर्याच्या बरोबर उलट.

"खराटा नाही," ते म्हणाले, "कुंचला हाये."